बेसमेंटच्या जिन्यावरचा माणूस

माझ्या आईला भूत दिसायचं, ही गोष्ट हॅमिल्टनच्या जुन्या मराठी मंडळींमध्ये अजूनही चवीनं सांगतात. परवा मार्कहॅमला एका साठीशांतीला गेले होते. जेवणाच्या रांगेत माझ्या पुढेच उभ्या असलेल्या एक बाई शेजारणीला म्हणत होत्या, "अहो, त्या मालतीबाई नाही का, ज्यांना बेसमेंटच्या जिन्यावर कुणीतरी दिसायचं..." मी ताट हातात धरून ऐकत राहिले. मालतीबाईंची मुलगी मागेच उभी आहे, हे त्यांना काय माहीत! वाटलं, आत्ताच्या आत्ता सांगावं. मग म्हटलं, जाऊ दे, श्रीखंड संपेल. माझं हे नेहमीचंच. राग येतो तेव्हा जीभ जड होते, आणि घरी आल्यावर अख्खं भाषण सुचतं. तर हे ते भाषण समजा.

आमचं घर हॅमिल्टनच्या खालच्या भागात होतं. वरच्या भागाला तिथले लोक माउंटन म्हणतात. सह्याद्री पाहिलेल्या माणसानं त्याला टेकडीसुद्धा म्हणू नये. घर जुनं, लाल विटांचं, अरुंद. वरच्या खिडकीतून स्टील प्लांटची धुराडी दिसायची, आणि हिवाळ्यात पाच वाजता काळोख पडला की तिकडचं आकाश नारिंगी व्हायचं. उन्हाळ्यात आई कपडे बाहेर वाळत घालायची आणि आत आणताना झटकून झटकून काजळी काढायची. घराचे आवाज मला अजून पाठ आहेत. बेसमेंटमध्ये घर तापवणारी गॅसची फर्नेस पेटताना आधी टिक-टिक, मग धप्प, आणि मग सगळ्या जाळ्यांमधून गरम हवेची सळसळ. आईच्या कुकरची शिट्टी. बाबांची बूट काढताना दारात होणारी धाडधाड. पोहे, शेंगदाण्याची चटणी, वरण-भात, आणि रविवारी आईच्या नागपूरचा पाटवडी-रस्सा, ज्याचा तर्रीदार ठसका वरच्या खोल्यांमधून दोन-दोन दिवस जायचा नाही.

बाबा पुण्याचे. इंजिनियर. प्लांटमध्ये त्यांचं काम होतं भट्टीच्या गॅसपासून माणसं कशी वाचवायची ते बघणं. ह्या गॅसला रंग नाही, वास नाही, माणूस बसल्या जागी पेंगतो आणि उठत नाही, हे आम्ही जेवताना इतक्या वेळा ऐकलं होतं की मला ते शाळेतल्या कवितेसारखं पाठ होतं. नव्या कामगारांना ते व्याख्यान द्यायचे, ह्याचा त्यांना फार अभिमान. आणि वर्षातून एकदा हाच माणूस हडळ व्हायचा. हॅलोवीन म्हटलं की बाबांच्या अंगात संचारायचं. पंधरा दिवस आधीपासून बेसमेंटमध्ये ठोकाठोकी. काळी प्लास्टिकं लावून बोळ बनवायचे, भिजवलेला साबुदाणा गार करून भांड्यात ठेवायचा आणि अंधारात मुलांना हात घालायला लावायचा, पाकातले गुलाबजाम म्हणजे काढलेले डोळे. ते स्वतः आईचं पांढरं पातळ नेसायचे, केस सोडल्यासारखी लोकर डोक्यावर, आणि बूट उलटे बांधायचे, कारण हडळीचे पाय उलटे. गल्लीतल्या गोऱ्या पोरांना ते पाय उलटे का, ह्याचा पत्ता नसायचा, ती आपली विचारायची, "मिस्टर, तुमचे शूज चुकलेत का?" बाबा चिडायचे. "ह्यांना भुताचं शास्त्र नाही," म्हणायचे. मी त्यांची पक्की साथीदार. चादरीला डोळ्यांची दोन भोकं पाडून मी फर्नेसच्या मागे उभी राहायची आणि वेळ आली की बाहेर झेप घ्यायची. खोटं कशाला बोलू, माझ्या बालपणातला तो सगळ्यात आनंदाचा दिवस असायचा. दिवाळीपेक्षाही.

भीतीची मजा लुटायची आणि भुतावर विश्वास ठेवायचा नाही, हा बाबांचा बाणा. मराठी मंडळात कुणी भुताची गोष्ट काढली की ते हात चोळत पुढे सरकायचे. "चला, पंचनामा करू." कोणी पाहिलं, किती वाजता, दिवा कुठे होता, पोटात काय होतं, आणि त्या दिवशी घरात नेहमीपेक्षा वेगळं काय होतं? एकदा साठेकाकू एक फोटो घेऊन आल्या. डॉक्टर साठे म्हणजे बाबांचे जिवलग मित्र, इथल्याच हॉस्पिटलात. काकू त्यांच्या पत्नी. फोटो त्यांच्या अंगणात थंडीत काढलेला, आणि त्यात मुलाच्या खांद्याशी एक पांढुरका आकार, अगदी बाईचा चेहरा म्हणावा असा. बाबांनी फोटो दिव्याखाली धरला, मग काकांना बाहेर नेलं, कॅमेरा डोळ्याला लावायला सांगितला आणि म्हणाले, "आता श्वास सोडा." काकांच्या तोंडातून वाफ निघाली, फ्लॅश पडला, आणि धुऊन आलेल्या दुसऱ्या फोटोत तीच बाई हजर. काय हसलो होतो आम्ही! बाबा मला म्हणाले, "शुभा, लक्षात ठेव. भूत नाही म्हणायला अक्कल लागत नाही. ते वाटलं कशामुळे, हे शोधायला लागते." मी तेव्हा अकरा-बारा वर्षांची असेन. मला वाटलं, जगात माझ्या बाबांइतका हुशार माणूस नाही.

आज माझी नात फोनवर भुतांचे व्हिडिओ बघते. कुणाच्या पडक्या घरात हिरवा उजेड, दार आपोआप हलतं. "आजी, लुक, धिस इज रिअल प्रूफ," म्हणते. मी तिला बाबांचेच प्रश्न विचारायला लावते. प्रश्न चांगलेच आहेत. प्रश्नांवर माझा राग नाही.

आता आईबद्दल. आई नागपूरची, फार्मसी शिकलेली. तिथे लग्नाआधी एका मोठ्या औषधांच्या दुकानात काम करायची आणि डॉक्टरांच्या चुका काढायची, असं मामा सांगायचा. इकडे आल्यावर तिची डिग्री चालेना. परत परीक्षा द्यायला हवी होती. मी मोठ्या शाळेत गेले तेव्हा तिनं पुस्तकं काढली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर एका बाजूला कणीक मळलेली, एका बाजूला जाडजूड पुस्तक, आणि आई तोंडानं औषधांची नावं पुटपुटत पोळ्या लाटतेय, हे चित्र मला दिसतं. तिचं डोकं तल्लख होतं. एकदा वाचलं की झालं. "एकदा लायसन्स मिळू दे," म्हणायची, "मग बघ, पांढरा कोट घालून काउंटरमागे उभी राहीन आणि तुझ्या बाबांनाही नंबर लावायला लावीन."

त्याच सुमारास माझ्या कोटाचं रामायण झालं. हिवाळी कोट खुंटीवर टांगलेला, स्वयंपाकघराच्या दारातच. त्याला हिंग-मोहरीच्या फोडणीचा वास मुरलेला. शाळेत दोन मुलींनी माझ्या लॉकरपाशी नाकं धरली. मी घरी येऊन रडले. बाबांना ते फार लागलं. त्यांनी बंद पडलेल्या एका हॉटेलातून मोठा एक्झॉस्ट फॅन मिळवला आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला भोक पाडून स्वतः बसवला. केवढा तो पंखा! चालू केला की टेबलावरचा पेपर उडायचा, बाहेरचं दार ढकलायला जोर लावावा लागायचा. फोडणीचा धूर क्षणात गायब. बाबांची छाती फुगली. त्यात थंडी आत येऊ नये म्हणून त्यांनी प्रत्येक खिडकीला प्लास्टिक लावून हेअर ड्रायरनं ताणून घेतलं, फटी बुजवल्या. घर कसं डबीसारखं बंद झालं. पंखा माझ्यासाठी लावला, हे खरं. पण मी तेव्हा शाळकरी पोर होते आणि मला वासाची लाज वाटली. ह्यात माझा काडीचा दोष नाही, आणि मी तो आता म्हातारपणी अंगावर घेणारही नाही.

त्या थंडीत आईला दिसायला लागलं. आधी नुसतं डोकं धरायची. मग म्हणायला लागली, दुपारी स्वयंपाक करताना बेसमेंटच्या जिन्यावर कुणीतरी येतं. पावलं नाही वाजत, पण खाकरतं. मग एक दिवस मी शाळेतून आले तर ती टेबलापाशी बसलेली, हातात पोळपाट, चेहरा कसातरीच. म्हणाली, "शुभे, एक माणूस उभा होता गं जिन्यावर. माझ्याकडे बघून राहिला होता. उठायला गेले तर पायांत जीवच नाही." पुस्तकाचं तेच पान चार दिवस उघडं होतं. ओल्या कणकेवर कापड टाकायचं विसरायची, गॅसवर दूध विसरायची, औषधांची नावं विसरायची. "मला आठवून नाही राहिलं काही," म्हणायची आणि रडायची.

बाबांनी पंचनामा केला म्हणावं, तर तोही केला नाही. एकदा हातात टॉर्च घेऊन बेसमेंटमध्ये गेले, वर आले आणि म्हणाले, "जिन्यावर कोणी उभं नाही राहून राहिलं." तिच्या नागपुरी बोलण्याची नक्कल. मी हसले, कारण ते हसत होते. साठेकाकूंच्या फोटोसाठी ह्या माणसानं थंडीत तासभर अंगणात काढला होता. बायकोसाठी एक टॉर्च. दिवा कुठे होता, घरात वेगळं काय होतं, काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्या शेवटच्या प्रश्नाला उत्तर भिंतीवर घरघरत होतं. पण बायकोला भास होतात ह्याला कारण काय शोधायचं? बायको हेच कारण. लोका सांगे ब्रह्मज्ञान, ही म्हण कोणीतरी माझ्या बापाला बघूनच केली असावी.

मग साठेकाका आले, नाडी बघितली, डोळे बघितले आणि म्हणाले, "वहिनी, परीक्षेचं टेन्शन. मन कमकुवत झालंय." मनाच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या घेऊन आई आणखीनच पेंगायची. परीक्षेला बसली आणि नापास झाली. ती, जी आयुष्यात कधी दुसरी आली नव्हती. साठेकाकूंनी ही बातमी कुठे कुठे पोचवली देव जाणे, पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आई गेली तेव्हा दोन बायकांनी आपली लहान मुलं जवळ ओढून घेतली. मी तिथेच होते. आईनं ते पाहिलं आणि तिळगूळ वाटत राहिली. "कुणी बघणारा असेल तर नागपूरला दाखवा," असंही एका काकूंनी बाबांना हळूच सुचवलं. बाबा ताडकन म्हणाले, "आमच्याकडे असल्या अंधश्रद्धा नाहीत." हे मात्र मोठ्या आवाजात.

शेवटी तिला माहेरी पाठवलं. नागपूरला आठ दिवसांत ती खडखडीत बरी झाली. मामाचं पत्र आलं, ताई मुलांना गणित शिकवते, पहाटे फिरायला जाते, गोळ्या तिनं फेकून दिल्या. ह्यावर कोणीही विचार केला असता. बाबा म्हणाले, "बघ, माहेरी कशी बरी असते. हे सगळं इथे राहायचं नाही म्हणून." वसंतात ती परत आली, खिडक्या उघड्या, फर्नेस बंद. उन्हाळाभर ठणठणीत. पुन्हा पुस्तकं काढली, पुन्हा फॉर्म भरला. सप्टेंबर गेला, फर्नेस सुरू झाली, खिडक्यांना प्लास्टिक लागलं, आणि तो माणूस जिन्यावर परत आला. ह्या वेळी आई कोणाला काही बोलली नाही. मला कळलं, कारण ती जिन्याकडे पाठ करून स्वयंपाक करायला लागली.

त्या वर्षी दिवाळी हॅलोवीनला लागून आली. आई आठवडाभर फराळ तळत होती, चकल्या, शंकरपाळी, करंज्या, आणि पंखा सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालू. हॅलोवीनच्या संध्याकाळी बाबांनी मंडळातली सगळी मुलं आणि त्यांचे आईबाप बोलावले होते. आईला आधीच सांगून ठेवलं होतं, "तू खाली येऊ नकोस, उगाच मनावर घेशील. तू वरच वडे तळ." तिच्याच घरात, तिच्याच पातळातली हडळ खाली, आणि ती वर पंखा लावून वडे तळतेय. त्या वेळी बाबांनी एक नवी गंमत आणली होती. प्लांटमध्ये भट्टीजवळ जाताना कमरेला एक पिवळी डबी लावतात. हवेत तो गॅस आला की ती किंचाळते आणि छोट्या खिडकीत आकडा दिसतो. बाबा ती शनिवार-रविवारपुरती उचलून घरी घेऊन आले होते. "भूतशोधक यंत्र," म्हणाले. "मी फर्नेसच्या खोलीजवळ आलो की टेस्टचं बटण दाबणार, हे किंचाळणार, आणि तू उडी मारायचीस. पोरांची गाळण उडाली पाहिजे."

मी चादर घेऊन फर्नेसच्या मागे उभी राहिले. डोकं जड झालं होतं. मला वाटलं, चादरीत कोंडलंय म्हणून. बाहेर मुलांचा गलका जवळ आला. बाबा हडळीच्या आवाजात म्हणत होते, "इथे कोण आहे? आपलं यंत्र सांगेल हं..." ते दारात आले, डबी समोर धरलेली, दुसऱ्या हातात टॉर्च. आणि ती किंचाळली. मुलं आनंदानं ओरडली. मी उडी मारली. पण बाबा माझ्याकडे बघतच नव्हते. त्यांचा अंगठा बटणावर नव्हताच. त्यांनी डबी बंद केली, परत चालू केली. परत किंचाळली. टॉर्चचा उजेड त्या खिडकीवर होता, आणि मी भोकांतून तो आकडा बघितला. प्लांटमध्ये कितीला पळायचं, हे जेवताना ऐकून मला पाठ होतं. हा त्याच्या किती तरी वर होता. लोकरीच्या केसांखाली बाबांच्या चेहऱ्याचा रंग गेला होता. एवढं घाबरलेलं मी त्यांना ना आधी बघितलं ना नंतर.

मग ते जे वागले, त्याला मी अजूनही दाद देते. तीच हडळीची किंकाळी ठोकून ते ओरडले, "पळा! सगळे अंगणात पळा! भूत आलं!" मुलं खिदळत जिन्यावरून वर, वरून बाहेर. आईबापही हसत मागे. बाबा पातळ वर खोचून स्वयंपाकघरात गेले, पंखा बंद केला, खिडकीचं प्लास्टिक टराटरा फाडलं, आणि आईला दंडाला धरून बाहेर आणलं. तिच्या हातात झारा तसाच. अंगणात थंडगार हवेत आम्ही सगळे उभे. मुलांच्या तोंडातून वाफा. साठेकाकू टाळ्या वाजवत म्हणाल्या, "बाई गं! ह्या वर्षीचं बेस्ट झालं हं भाऊजी!" आणि बाबा, माझे बाबा, उलटे बूट घालून तिथे उभे होते, ते हसले. म्हणाले, "मग! यंत्र आणलंय खास." घराची सगळी दारं सताड उघडी टाकून त्यांनी सगळ्यांना अंगणातच वडे खाऊ घातले. कुणाला वाटलं असेल, काय हौशी माणूस.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते प्लांटमध्ये गेले नाहीत. पंखा काढला, भोकावर फळी ठोकली, आणि फर्नेसला बाहेरची हवा मिळेल असा पाइप बसवून घेतला. मी शाळेला दांडी मारून तिथेच उभी. म्हटलं, "बाबा, तो गॅस होता ना? पंख्यानं हवा ओढली, आणि फर्नेसचा चिमणीतून जायचा तो धूर घरात उलटा आला. म्हणून आईला..." फळीवर हातोडा मारत ते म्हणाले, "कसला गॅस? बॅटरी खराब होती." मी म्हटलं, "मी आकडा बघितला." ते म्हणाले, "तू चादरीत होतीस. तुला काय दिसणार?" आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला कळलं की त्यांना माहीत आहे, आणि मला माहीत आहे हेही माहीत आहे. भट्टीच्या गॅसवर व्याख्यानं देणाऱ्या माणसानं स्वतःच्या हातानं पंखा बसवून बायकोला हिवाळाभर आणि वर महिनाभर गॅस पाजला, हे प्लांटमध्ये कळलं तर? मंडळात? झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या मुठीत माझी आई होती, एवढंच.

मी त्याच दुपारी आईला सांगितलं, सगळं, आकड्यासकट. ती करंज्या डब्यात भरत होती. तिचा हात थांबला. "कार्बन मोनॉक्साइड," ती म्हणाली. "अगं बाई! डोकं दुखणं, पेंग येणं, विसरणं, भास. हे सगळं मी शिकले होते की गं. पुस्तकात आहे." मग ती हसायला लागली. एवढं मोकळं हसू मी वर्षभरात ऐकलं नव्हतं. हसता हसता तिनं मला पोटाशी धरलं. "म्हणजे मी ठीक होते," ती परत परत म्हणत होती. "शुभे, मी ठीक होते." मी म्हटलं, "चल, आत्ता साठेकाकूंना फोन कर." ती म्हणाली, "मी सांगून काय उपयोग? वेड्या बाईचं कोण ऐकतं? त्यांनी सांगायला हवं. सांगतील. तेवढे वाईट नाहीत ते."

लक्ष्मीपूजनाला साठे आले. पाट, रांगोळी, लाह्या-बत्तासे, सगळं साग्रसंगीत. आईनं मोरपिशी शालू नेसला होता आणि ती नवरीसारखी उत्सुक होती. मला तिच्याकडे बघवत नव्हतं. फराळाच्या ताटल्या दिल्यावर तिनंच विषय काढला. "आता मला अगदी बरं वाटतं. तेव्हा काय झालं होतं ते ह्यांना विचारा. सांगा ना हो." साठेकाकांनी चकली मोडली. बाबा ताटलीकडे बघत म्हणाले, "काय सांगायचं? तुमच्या गोळ्यांचा गुण आला, डॉक्टर." काका खूश झाले. "मी म्हणालोच होतो वहिनी, मन खंबीर करा." काकू म्हणाल्या, "आणि देवाचं काही राहिलं असेल तर करून टाका." मी तोंड उघडलं. "काका, घरात गॅस..." बाबा हसून म्हणाले, "हिला आता वैज्ञानिक व्हायचंय. पुरावा काय, विचारा हिला." पंखा भंगारात गेला होता, डबी प्लांटमध्ये परत गेली होती. मी आईकडे बघितलं. तिनं मला मान हलवून गप्प बसवलं, आणि काकूंना अनारसे वाढले.

पुढे ती परत परीक्षेला बसली नाही. पुस्तकं कुणाला तरी देऊन टाकली. एका औषधांच्या दुकानात मागच्या बाजूला बाटल्या लावायचं काम तिनं बरीच वर्षं केलं. काउंटरवर कधी गेली नाही. आणि बाबा! त्यांनी वय झाल्यावर नातवंडांना हॅलोवीनच्या दिवशी ती गोष्ट सांगायला सुरुवात केली, "आजीला भूत दिसायचं तेव्हाची." डोळे मोठे करून, खाकरण्याची नक्कल करून. गोष्ट फार छान सांगायचे. मुलं आजीकडे बघून किंचाळायची, आणि आजी उठून आत जायची. मी एकदा मुलांसमोरच म्हटलं, "बाबा, पुरे." ते म्हणाले, "अगं, गंमत." आता दोघंही नाहीत. गंमत मात्र जिवंत आहे, श्रीखंडाच्या रांगेत भेटते.

पण मला आठवते ती त्या लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ. साठे गेले. बाबा सोफ्यावर पाय पसरून बसले. मी जिन्यात होते, वर जायच्या नाही की खाली यायच्या नाही अशी. आई ताटल्या गोळा करता करता त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"अहो," ती म्हणाली, "त्यांच्यासमोर नाही म्हणालात, जाऊ द्या. तुमची नोकरी आहे, मला समजतं. पण आता कोणी नाही इथे. मला वेड लागलं नव्हतं, एवढं म्हणा. माझ्यापुरतं म्हणा."

बाबांनी सोफ्यावरची उशी ओढून पाठीशी घेतली. मी मनातल्या मनात म्हणत होते, म्हणा, बाबा, म्हणा. एक वाक्य. मी तुमचं सगळं विसरेन.

"आता बरी आहेस ना?" ते म्हणाले. "मग झालं तर."

"मी आधीही बरीच होते," आई म्हणाली.

ती उभी राहिली. त्यांनी पेपर उचलला.

"चहा टाकतेस?" ते म्हणाले.

आणि तिनं चहा टाकला.